एका दोषाचा इतिहास : वाहते पाणी आणि छायाचित्र

जून सरत आला की ताम्हिणी, माळशेज आणि आंबोलीच्या घाटांत धबधब्यांसमोर ट्रायपॉड दिसू लागतात. कॅमेरा तीन पायांवर घट्ट बसवायचा, भिंगापुढे काळसर काच लावायची, शटर काही सेकंद उघडे ठेवायचे आणि तोवर कॅमेऱ्याला हातही न लावता उभे राहायचे, असा हा विधी आहे. त्यातून निघणारे चित्र आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. कातळ, शेवाळ आणि झाडांची पाने रेखीव. त्यांच्यामधून उतरणारे पाणी मात्र पिंजलेल्या कापसासारखे. दिनदर्शिका, हॉटेलांच्या भिंती आणि छायाचित्रांच्या स्पर्धा ह्यांतून हे पाणी इतके वाहिले आहे की त्याचा कंटाळा येणेही स्वाभाविक आहे. त्यावरचा नेहमीचा आक्षेपही आपल्याला ठाऊक आहे : पाणी असे दिसतच नाही, ही छायाचित्रकाराची लाडिक करामत आहे.

आम्हाला हा आक्षेप गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण त्यात आवडीनिवडीपेक्षा मोठा प्रश्न दडलेला आहे. छायाचित्राला आपण साक्षीदार मानतो. कॅमेऱ्यासमोर जे होते तेच चित्रात आले, ह्या विश्वासावर त्याची सारी प्रतिष्ठा उभी आहे. मग जे पाणी कोणीच असे पाहिले नाही, त्याची साक्ष कोणत्या प्रकारची? मात्र उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुधाळ पाणी ही अलीकडची हौस नव्हे. छायाचित्रणातले पहिले वाहते पाणी असेच होते, कारण दुसऱ्या कोणत्याही रूपात ते कॅमेऱ्याच्या हाती लागतच नव्हते. पहिल्या पिढ्यांच्या लेखी तो दोष होता. तो घालवण्यासाठी त्यांनी चाळीस वर्षे खटपट केली, आणि तो गेल्यावर पुढच्यांनी त्याला आग्रहाने परत बोलावले. ह्या दोषाचा इतिहास पाहिला की साक्षीचा प्रश्नही वेगळा दिसू लागतो.

आरंभीच्या छायाचित्रांत वेळ हा मुख्य अडसर होता. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स ह्यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून जे दृश्य टिपले, त्याला अनेक तास लागले. तेवढ्यात सूर्य आकाशातून इतका सरकला की समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात. १८३८ मध्ये लुई दागेर ह्यांनी पॅरिसच्या बूलव्हार द्यु ताँप्ल ह्या रस्त्याचे चित्र घेतले. गजबजलेला रस्ता, गाड्या, घोडे, माणसे. पण पत्रा काही मिनिटे प्रकाशात ठेवावा लागला आणि चित्रात रस्ता ओस पडला. उरला तो एक माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला. सॅम्युअल मॉर्स ह्यांनी १८३९ मध्ये हे चित्र पाहिले तेव्हा त्यांचे लक्षही ह्याच चमत्काराने वेधून घेतले होते. छायाचित्रणाचा पहिला नियम ह्या चित्रात जणू लिहून ठेवला आहे : जे थांबले ते उरले, जे हलले ते पुसले गेले.

माणसांच्या बाबतीत ह्यावर तोडगा काढता आला. स्टुडिओत बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत आणि त्याला हलू नका असे बजावीत. नदीला तसे बजावता येत नाही. म्हणून वाहते पाणी हा ह्या नव्या कलेपुढचा सर्वांत अवघड विषयांपैकी एक ठरला. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा की हातात धरायचा, असा पर्यायच तेव्हा नव्हता. ट्रायपॉड ही शैली नव्हती. तो त्या यंत्राचाच एक भाग होता.

१८५१ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि अवधी मिनिटांवरून सेकंदांवर आला. तिचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या तीस वर्षांतल्या पाण्याचे रूप त्या रसायनाने ठरवले आहे. नायट्रिक आणि गंधकाम्लाच्या मिश्रणात मुरवलेला कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून चिकट द्रव बनवायचा, त्यात आयोडाइड मिसळायचे, तो काचेवर एकसारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन चित्र प्रकट करायचे. उन्हात ह्या सर्व खटाटोपाला जेमतेम दहापंधरा मिनिटे मिळत. म्हणजे धबधब्याचे चित्र घ्यायचे तर धबधब्यापाशीच प्रयोगशाळा थाटावी लागे. काचा धुवायला पुष्कळ पाणी लागे आणि रानात ते बहुधा जवळच्या ओढ्यातूनच येई. ज्या प्रवाहाने चित्रात आपले रूप धरू दिले नाही, त्याच्याच पाण्याने ते चित्र धुतले जात होते.

कलोडियनमध्ये आणखी एक खोड होती. त्याला निळा आणि जांभळा प्रकाश चटकन जाणवे, हिरवा फारच उशिरा आणि तांबडा जवळजवळ नाहीच. दरीतल्या झाडांचा तपशील हवा असेल तर काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात आकाश आणि फेसाळलेले पाणी पांढरे होऊन जळून जाई. पाण्याचे दोनदा नुकसान होई : एकदा हालचालीने आणि एकदा उजेडाने. छायाचित्रकाराला निवड करणे भाग होते. पाणी वाचवावे तर झाडे काळी, झाडे वाचवावी तर पाणी कोरे. बहुतेकांनी झाडे वाचवली. जुन्या चित्रांतला धबधबा पुष्कळदा पाण्याचे चित्र नसून काचेवरची कोरी राहिलेली जागा असतो.

हा दोष ज्यांच्या हाती वैभवाला पोहोचला ते अमेरिकेचे कार्लटन वॉटकिन्स. १८६१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात गेले. बरोबर खास बनवून घेतलेला प्रचंड कॅमेरा होता, सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा घेणारा. त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नसल्याने जेवढे चित्र हवे तेवढीच काच लागे. काचा, रसायने, तंबू आणि कॅमेरा हे सर्व खेचरांच्या पाठीवरून खोऱ्यात उतरवण्यात आले. पहाटे वारा पडलेला असतो आणि पाने हलत नाहीत, म्हणून ते सकाळच्या वेळी काम करीत. त्यांच्या चित्रांत ग्रॅनाइटचा प्रत्येक तडा मोजून घ्यावा असा दिसतो, आणि त्या कड्यावरून खाली येणारे पाणी मात्र धुराच्या लोळासारखे किंवा पातळ वस्त्रासारखे लोंबते. दगडाचा इतका ठामपणा आणि पाण्याचा इतका नाहीसेपणा एका चित्रात आल्याने त्यांत जी शांतता उतरली आहे, ती ह्या दोषाचीच देणगी आहे.

ती शांतता निव्वळ कलात्मक राहिली नाही. वॉटकिन्स ह्यांची चित्रे १८६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन ह्यांनी योसेमिटीचे खोरे आणि मॅरिपोसाची महावृक्षराई सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. ज्यांनी ते खोरे कधी पाहिले नव्हते अशा लोकांनी त्याच्या भवितव्याचा निर्णय घेतला, आणि त्यांच्यापुढे जी साक्ष होती तीत छायाचित्रांना मानाचे स्थान होते. ह्या साक्षीत खोरे निर्मनुष्य, अनादी आणि निश्चल होते.

वास्तवात ते तसे नव्हते. तिथे आवाह्नीची लोक राहात होते. वॉटकिन्स येण्याच्या दहाच वर्षे आधी, १८५१ मध्ये, मॅरिपोसा बटालियन ह्या सशस्त्र पथकाने खोऱ्यात शिरून त्यांची घरे आणि ओकच्या फळांचे साठे जाळले आणि त्यांना हुसकावून लावले. त्यांच्यातले काही परतले आणि पुढे शंभर वर्षे कसेबसे टिकून राहिले. खोऱ्यातली त्यांची शेवटची वस्ती १९६९ मध्ये मोडण्यात आली. ही माणसे चित्रांतून गळली ती संथ काचेमुळे, असे आम्ही म्हणणार नाही. ती बंदुकीने गेली होती. परंतु हलणारे ते पुसणाऱ्या कलेला हलवून लावलेल्या माणसांची अनुपस्थिती सहज पचली, हेही खरे. पाण्याने वस्त्राचे रूप घेतले आणि सगळे खोरेच काळाबाहेरचे वाटू लागले. जिथे काही घडतच नाही तिथे काही घडले होते का, असे कोण विचारणार?

हिंदुस्थानातही ह्या काचेच्या मर्यादांनी विषय निवडले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय तीत होते. पुढच्या दशकांत येथे जे सर्वांत चिकाटीने टिपले गेले त्यात देवळे आणि लेणी ठळक आहेत. त्यामागे सरकारचे पुराणवस्तूंविषयीचे धोरण होतेच, पण लेणी हलत नाहीत ही सोयही होती. मेजर रॉबर्ट गिल ह्यांची अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली ती कोरीव लेण्यांची म्हणून. अजिंठ्याच्या पायथ्याशी वाहणारी वाघोरा हा त्या पुस्तकाचा विषय नव्हता. १८६३ मध्ये येथे आलेले सॅम्युअल बोर्न मात्र पाण्याच्या उगमापर्यंत गेले. हमालांच्या मोठ्या तांड्यासह त्यांनी हिमालयात तीन लांब प्रवास केले, आणि १८६६ मध्ये गंगोत्रीच्या हिमनदीपाशी, भागीरथी जिथे बर्फाखालून बाहेर पडते तिथे, कॅमेरा लावला. कोट्यवधींच्या मनात जी सदैव वाहती आहे ती नदी त्या काळच्या काचेवर धूसर पांढऱ्या पट्ट्यापलीकडे जाऊ शकत नव्हती. खडक आणि बर्फ ह्यांनी मात्र आपली ओळख चोख दिली.

ह्या काळात पाण्याला थांबवण्याची धडपड चालू होती. वेल्समधील जॉन डिल्विन लेवेलिन ह्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या फुटत्या लाटा टिपल्या आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या गतिविषयक चित्रांना रौप्यपदक मिळाले. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे ह्यांनी १८५६-५७ मध्ये घेतलेली समुद्रचित्रे त्याहून गाजली. उघड्या समुद्रावर प्रकाश भरपूर, लाट कॅमेऱ्यापासून दूर. तेवढ्या बळावर त्यांनी लाटेचा कडा गोठवला. त्यासाठी दिलेली किंमतही लक्षात घेण्यासारखी आहे. आकाश आणि समुद्र एकाच काचेवर नीट येईनात, तेव्हा काही चित्रांत त्यांनी दोन वेगवेगळ्या काचांवरून आकाश आणि पाणी जोडले. म्हणजे लाट खरी दिसली, पण ते आकाश त्या लाटेवर कधी नव्हतेच. खरेपणा एका दाराने आला तेव्हा दुसऱ्याने बाहेर पडला.

ह्या कथेतला सर्वांत विलक्षण माणूस एडवर्ड मायब्रिज. १८७२ मध्ये त्यांनीही योसेमिटीत प्रचंड काचांवर धबधबे टिपले, आणि त्यांचे पाणी वॉटकिन्स ह्यांच्या पाण्यापेक्षाही अधिक भुताटकीचे आहे. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्याच वर्षी त्यांनी लीलँड स्टॅनफर्ड ह्यांच्या धावत्या घोड्याचे चित्र घेण्याचा पहिला प्रयत्न केला. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे बारा कॅमेऱ्यांची रांग लावून त्यांनी दौडत्या घोडीचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखवून दिले. ज्याच्या काचेवर पाण्याचे धुके होत होते, त्यानेच घोड्याची टाप हवेत रोखली. तोवर रसायनशास्त्रही पुढे सरकले होते. रिचर्ड लीच मॅडॉक्स ह्यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट ह्यांनी उष्णतेने मुरवून तिची संवेदनक्षमता कितीतरी वाढवली. आता सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र येऊ लागले. १८८८ मध्ये ईस्टमन ह्यांचा कोडॅक कॅमेरा आला, तो हातात धरण्यासाठीच. ट्रायपॉड सक्तीचा राहिला नाही. पाणी थांबले.

थांबलेल्या पाण्याने काय शिकवले, ह्याचा एक दाखला फार बोलका आहे. इंग्लंडमधील आर्थर वर्दिंग्टन हे १८७० च्या दशकापासून द्रवावर पडणाऱ्या थेंबाचा अभ्यास करीत होते. अंधारात क्षणभर ठिणगी पाडायची, डोळ्यांत उमटलेली आकृती कागदावर उतरवायची, अशी त्यांची रीत होती. त्यांनी काढलेल्या उसळीच्या चित्रांत मुकुटासारखी सुबक, सर्व बाजूंनी सारखी आकृती दिसे. १८९० च्या दशकात त्यांना तेच क्षण काचेवर पकडता आले, आणि उसळी वाकडीतिकडी, असमान निघाली. डोळ्याने जे पाहिले त्याला मनाने नकळत नीटनेटके केले होते. येथे लहान क्षणाने डोळ्याची चूक दुरुस्त केली, आणि गोठवलेले पाणी हेच खरे पाणी अशी समजूत व्हायला हा पुरेसा आधार होता.

पण ह्याच काळात उलट बाजूचा पुरावाही जमत होता. घोड्यांच्या आणि पक्ष्यांच्या गतीचा अभ्यास करणारे पॅरिसचे एतिएन-ज्यूल मारे १८९३ च्या सुमारास पाण्याकडे वळले. काचेच्या हौदात त्यांनी चकाकणारे बारीक मणी सोडले आणि त्यांच्या मार्गावरून लाटेखालच्या पाण्याची चाल नोंदवली. १९०४ मध्ये जर्मनीच्या लुडविग प्रांटल ह्यांनी हाताने चाक फिरवून वाहता ठेवलेल्या पाण्यात अभ्रकाचे कण मिसळले, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत पृष्ठालगतच्या मंद थराचा तो सिद्धान्त मांडला ज्यावर पुढे विमानाच्या पंखांचे गणित उभे राहिले. नंतर गटिंगेन येथे पृष्ठभागावर ॲल्युमिनिअमची भुकटी टाकून शटर थोडा वेळ उघडे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक कण चित्रात एक छोटी रेघ ओढतो. रेघेची दिशा ही प्रवाहाची दिशा आणि लांबी हे त्याच्या वेगाचे माप. अशा प्रयोगात अतिशय लहान एक्स्पोजर घेतले तर दिसतात नुसते ठिपके, आणि ठिपके कुठे चालले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. वर्दिंग्टन ह्यांच्या थेंबाला क्षण हवा होता. प्रांटल ह्यांच्या प्रवाहाला अवधी हवा होता. थेंब ही वस्तू आहे, प्रवाह ही घटना आहे. घटनेला वेळ लागतो.

हे ध्यानात घेऊन धबधब्याचे दीर्घ एक्स्पोजरचे चित्र पुन्हा पाहिले तर ते तितके खोटे वाटत नाही. मोठ्या दगडामागे उठणारी लाट पाहा. तिच्यातले पाणी क्षणोक्षणी बदलते, आकार मात्र जागचा हलत नाही. गोठवलेल्या चित्रात ती इतर शिंतोड्यांत हरवते. चार सेकंदांच्या चित्रात शिंतोडे विरतात आणि ती ठसठशीत उरते. डोहातला फेस गोल रेघा काढतो आणि भोवरा कुठे आहे ते सांगतो. पाणी बहुतेक वेळ कुठे असते, कुठून जाते, कुठे वळते, ह्याची ती सरासरी आहे. सरासरी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसते, म्हणून ती असत्य ठरत नाही.

विसाव्या शतकात हा दोष परत आला तो असा विचार करून नव्हे, तर मागच्या दाराने. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘एफ/६४’ नावाने एक गट काढला. भिंगाचे छिद्र अगदी लहान करायचे, म्हणजे जवळच्या गवतापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे काटेकोर रेखीव येते, हा त्यांचा आग्रह होता आणि गटाचे नावही त्या छिद्राच्या मापावरून घेतलेले होते. परंतु एफ/१६ वरून एफ/६४ वर गेले की तेवढ्याच प्रकाशासाठी सोळापट वेळ लागतो. रेखीवपणाच्या ह्या निष्ठेमुळे ट्रायपॉड पुन्हा अपरिहार्य झाला आणि मंद फिल्मवर झऱ्याचे पाणी आपोआप रेशमी होऊ लागले. धूसरतेविरुद्ध पुकारलेल्या बंडाने एका वस्तूला धूसर केले, आणि ती वस्तू पाणी होती.

पुढे ही तडजोड राहिली नाही, हेतू झाली. मायकेल केना ह्यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी मिनिटांपासून तासांपर्यंत शटर उघडे ठेवून समुद्राला धुक्याचे मैदान केले. हे काम सोपे नव्हते. प्रकाश निम्मा झाला की वेळ दुप्पट करावा, हा साधा हिशेब फिल्मवर फार लांबच्या अवधीत मोडतो. फिल्म जणू थकते आणि हिशेबापेक्षा अधिक वेळ मागते. हे अपयश खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्ट्सशिल्ड ह्यांनी शतकाच्या वळणावर ताऱ्यांची छायाचित्रे घेताना सूत्रात बसवले होते. तेच श्वार्ट्सशिल्ड, ज्यांचे नाव पुढे कृष्णविवराच्या त्रिज्येला मिळाले. डिजिटल कॅमेऱ्याने हा अडथळाही दूर केला. दहा ‘स्टॉप’ची काळी काच प्रकाश सुमारे हजारपट कमी करते, जे चित्र एरवी सेकंदाच्या तिसाव्या भागात आले असते त्याला भर दुपारी अर्धा मिनिट देता येतो. आणि २०१७ मध्ये आयफोनमध्ये एक सोय आली जिच्यात हातात धरलेल्या फोनने टिपलेल्या अनेक छोट्या चौकटी एकत्र मिसळून तसेच पाणी मिळू लागले. येथे चक्र पुरे होते. मायब्रिज ह्यांनी गतीचे तुकडे केले. आता त्या गोठलेल्या तुकड्यांची बेरीज करून पुन्हा प्रवाह बनवला जातो. ट्रायपॉड नाही, अखंड उघडे शटर नाही, वाट पाहणेही नाही. उरली आहे ती वॉटकिन्स ह्यांच्या काळातली सक्ती, बटणाच्या रूपात.

आता पहिल्या आक्षेपाकडे परत येऊ. पाणी असे दिसत नाही, हे खरे आहे का? गोठलेले थेंबही कोणाला दिसत नाहीत. हजारांश सेकंद पाहणारा डोळा आपल्याला दिलेला नाही. आणि कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी धबधब्यांना जी नावे दिली ती पाहिली तर डोळ्यांची साक्ष वेगळी निघते. गोवा आणि कर्नाटक ह्यांच्या सीमेवर मांडवीचे पाणी कोसळते त्याला आपण दूधसागर म्हणतो. भेडाघाटला नर्मदा उडी घेते तो धुआंधार. दूध, धूर, दीर्घ एक्स्पोजरच्या चित्रांना आज लावतो तीच विशेषणे भाषेने आधीच लावून ठेवली होती. पाणी असे दिसत नाही म्हणणाऱ्याने ह्या नावांना उत्तर द्यायला हवे.

पण नावांतही निवड असते. योसेमिटीतल्या ज्या धबधब्याला १८५० च्या दशकात आलेल्या गोऱ्यांनी वधूचा घुंघट म्हणून ब्रायडलव्हेल असे नाव दिले, त्याचे आवाह्नीची लोकांचे नाव पोहोनो. ते नाव वाऱ्याच्या झोताशी, तिथल्या फुंकर घालणाऱ्या शक्तीशी जोडलेले आहे. एका नावात लोंबणारे वस्त्र आहे, दुसऱ्यात हलवणारा वारा. पाहुण्याला रूप दिसले, रहिवाशाला बळ. वॉटकिन्स ह्यांच्या काचेने ह्यांपैकी एका नावाचे चित्र काढले. दुसऱ्याचे काढणे तिला शक्य नव्हते, आणि ते मागायलाही कोणी उरू दिले नव्हते.

म्हणून आम्हाला प्रश्न दुधाळ पाणी खरे की खोटे असा वाटत नाही. दोन्ही प्रकारची चित्रे खरी साक्ष देतात, पण कोणतीही साक्ष आपल्याला विचारलेल्या प्रश्नापुरतीच खरी असते. छोट्या शटरला विचारावे : ह्या क्षणी काय झाले? लांब शटरला विचारावे : येथे नेहमी काय होत असते? चूक होते ती दुसऱ्याच्या उत्तरातून तिसराच अर्थ काढल्याने. येथे काहीच होत नव्हते, असा.

ह्याचे एक उदाहरण देऊन थांबतो. १८६७ मध्ये वॉटकिन्स कोलंबिया नदीवर गेले आणि ऑरेगनच्या त्या भागात, सेलिलो आणि द डॅल्सच्या परिसरात, त्यांनी छायाचित्रे घेतली. सेलिलोचे धबधबे ही हजारो वर्षे मूळ रहिवाशांची मासेमारीची आणि व्यापाराची जागा होती. उसळत्या पाण्यावर लाकडी फळ्यांचे मचाण बांधून, लांब दांड्यांच्या जाळ्यांनी लोक सामन मासे धरीत. द डॅल्स येथे धरण बांधले गेले. १० मार्च १९५७ रोजी त्याचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलिलोचे धबधबे पाण्याखाली गेले. आज तिथे रुंद, संथ जलाशय आहे. त्याच्या काठी ट्रायपॉड लावून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडा किंवा पुरे मिनिटभर उघडे ठेवा. वारा पडलेल्या दिवशी चित्रात फारसा फरक पडणार नाही.